बुरुलच्या घरातला उन्हाळा

नारिन गावच्या बुरुलला कुणी 'हे नको करूस' म्हटलं, की ती तेच दुप्पट करायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमर गेली. नवऱ्याच्या माघारी तिने लेकीला, जिपारला, एकटीने वाढवलं आणि तिच्या लग्नासाठी भिंतभर तुशकीइज, म्हणजे भिंतीवर टांगायचं मखमली भरतकाम, भरलं. मखमलीवरची शिंगांची आणि फुलांची नक्षी बघून बघणाऱ्याचे डोळे दिपायचे.

आज मुलाकडचे येणार होते. मुलाच्या आईने जिपारच्या कानांत डूल घातले की लग्न पक्कं. नाही घातले, तर गावभर शोभा! म्हणून सकाळीच बुरुलने तुशकीइज मानाच्या जागेमागे टांगलं.

"वहिनी, त्या भिंतीवर नको," धाकटा दीर झारकिन म्हणाला. झालं! तिने चार खिळे जास्तच ठोकले.

सोयरे, म्हणजे मुलाचे आई-वडील, आले. रीतीप्रमाणे बुरुलने दोघांच्या अंगावर जाडजूड नवे झगे चढवले. मानाचा झगा, निघेपर्यंत उतरवायची सोय नाही. खिडक्या हिवाळ्यासाठी चिकटपट्ट्यांनी बंद. बाहेर थुंकी गोठत होती आणि आत घर तापत चाललं होतं.

"तुमच्याकडे... छान ऊब आहे हो," व्याही तोकतोबेक म्हणाले. तोंड बिटासारखं लाल झालं होतं.

"मग चहा घ्या ना आणखी!" बुरुल म्हणाली. अशा वेळी माणसाला नेमकं हेच सुचतं.

झारकिन घर तापवणाऱ्या बॉयलरपाशी जाऊन आला आणि तिच्या कानाशी लागला. "बॉयलर धडधाकट आहे. त्याला वाटतंय घरात गारठा पडलाय. तापमान मोजणारी डबी कुठंय?"

"भिंतीवरच की..." बुरुलने भिंतीकडे पाहिलं. डबी तुशकीइजच्या मागे होती! मखमलीखाली, बर्फगार भिंतीला टेकून बसलेली ती बिचारी 'अजून पेटव' म्हणून बॉयलरला सांगत होती.

"बॉयलरच बंद करा, भावोजी!"

"आणि परत पेटला नाही तर? गेल्या हिवाळ्यात गोठलो होतो, विसरलात?"

तेवढ्यात विहीणबाई सैरा डुलांची पुरचुंडी पिशवीत टाकून उठल्या. "जरा बाहेर जाते. जीव घाबरा झालाय."

डूल न घालता विहीण उंबरठ्याबाहेर? बुरुल गाद्यांवर चढली आणि तिने तुशकीइज खिळ्यांसकट ओढून काढलं. भिंतीवर डबी लुकलुकत होती.

"जिपारसाठी भरलंय, म्हणजे तुमचंच!" बुरुलने सगळं मखमलीचं गाठोडं विहिणीच्या हातांत कोंबलं. "आजच घेऊन जा. पण जाऊ नका हो!"

उघड्या डबीला घरातली ऊब लागली आणि थोड्या वेळाने बॉयलर घुरघुरून थांबला. सैराबाई डबीकडे बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"अगं बाई! माझंही तुशकीइज घरी असल्याच डबीवर आहे! बॉयलर धड आहे म्हणणारे दोन मिस्त्री मी शिव्या देऊन हाकलले!"

"आणि मी हिवाळाभर उघडाबंब झोपलोय," तोकतोबेक ओरडले. "काखेत कळसा!"

हसून हसून बुरुल गादीवर बसलीच. सैराबाईंनी पुरचुंडी सोडली. घामाने डूल दोनदा बोटांतून निसटले, तिसऱ्यांदा जिपारच्या कानांत बसले.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हे तुशकीइज मात्र आपण दुसऱ्या भिंतीवर टांगू हं!"