अंगठ्याला बांधलेला दोर

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. शाळा माझी तिसरीपर्यंत, अक्षर वाकडं... पण अक्कल गहाण ठेवलेली न्हाई. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली.

वडवणीच्या पुढं आमचा तलाव हाय. आम्ही भोई. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून तराफा करतो, वर मांडी ठोकून बसतो अन् दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मारत जातो. हात गुंतलेले, म्हणून मागं सोडलेला दोर पायाच्या अंगठ्याला बांधायचा. दोराच्या टोकाला गळ अन् स्टीलच्या चमच्याचा चकाकता तुकडा. मरळ मासळी लागली की अंगठ्याला कळतं. गाठ मात्र सोडगाठच... ओढली की सुटली पाहिजे. अन् दुसरा नियम, एकानं हाक दिली की दुसऱ्यानं ओ द्यायची.

चैत्रात पाणी उतरून तापलं की एखाद्या वर्षी तलावात फुगे येतात. रुपयाएवढे, काचेसारखे, छत्रीवानी उघडतात-मिटतात. शाळेतले गुरुजी म्हणाले, ते जेलीफिश, गोड्या पाण्यातले, माणसाला काही करत न्हाईत. पण फुगे आले की आमच्यात कुणी पाण्यात दोर सोडत न्हाई.

त्या सकाळी तलाव फुग्यांनी भरलेला. माझा धाकटा भाऊ नामदेव काठावरच थांबला.

"दादा, आज नको. फुगे आलेत."

"मग जा घरी! सुनेपाशी बसून लसूण सोल."

काठावर चार माणसं होती, ती खदखदून हसली. नामदेव साठीचा माणूस. खाली बसला अन् अंगठ्याला दोर करकचून बांधला... निरगाठ. मी बघितली. पण आता कोण माघार घेणार? मी पुढं निघालो, तो मागं.

टेकडीचं वळण ओलांडून मी बराच पुढं गेलतो. वारा समोरून... नव्हे, पाठीवरनं होता, तराफा आपोआप पुढं पळत होता. तेवढ्यात अंगठ्याला हिसका बसला. मरळ! मनात म्हटलं, आता दाखवतो नामदेवला. पण मरळ झटके देते, थांबते, परत झटके देते. हे तसलं न्हाई. गाईला दाव्यानं धरून न्यावं तशी सलग ओढ. तराफा थांबला... अन् वाऱ्याच्या उलट, मागं चालायला लागला. फळकुटं माझ्या मांडीवर होती हो! हात लावला न्हाई मी. गाठ सोडायला वाकलो तर बोटंच चालेनात. दोर ताठ, फुग्यांच्या मधनं सरळ गेलेला.

वळणाच्या अलीकडं बुडालेली बाभळ हाय. तिथं पाण्यावर नामदेवची फक्त हनुवटी अन् एक हात दिसला. त्याचा गळ बाभळीत अडकलेला, तराफा निसटलेला, अन् निरगाठ त्याचा पाय खाली धरून बसलेली. मी उडी मारली, कमरेच्या विळ्यानं त्याचा दोर कापला, त्याला तराफ्यावर आडवा टाकला. कापताना माझा अंगठा मोकळा होता की न्हाई, तेही आठवत न्हाई.

काठावर येऊन माझा दोर ओढला. हलका लागला. दहा हात आला अन् संपला. गळ न्हाई, चमचा न्हाई. कधीतरी आधीच तुटलेला. तुटल्या टोकाला फुग्यांचा मुठीएवढा गोळा चिकटलेला, उघडतोय, मिटतोय. मूठभर फुगे माझं अन् तराफ्याचं वजन सोडा, एका चिमणीला ओढतील का? गुरुजींना विचारलं. त्यांनी दोराचं तुटलं टोक हातात घेऊन दोनदा उलटंसुलटं बघितलं अन् परत माझ्या हातात दिलं.

नामदेवनं शुद्धीवर येताच विचारलं, "दादा, कसं कळलं रं तुला?"

"तुझी हाक ऐकली," मी म्हटलं.

गावभर तो तेच सांगतो. दादानं हाक ऐकली अन् माघारी आला.

हाक मी ऐकलीच होती. हिसका बसायच्या आधी. "दादाऽऽ" अशी, एकदाच. मला वाटलं, हरला, आता माफी मागतोय. मी ओ दिली न्हाई, वल्हवत राहिलो.

हे छापून आलं तर त्याची सून त्याला वाचून दाखवील. दाखवू द्या.