न चुकणारे ठोके

व्यापारी प्रदर्शनात एका औषध कंपनीच्या दालनात, डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी माणसाएवढं काचेचं हृदय उभारलं होतं. समोरच्या दांडीवर हात ठेवला की ते आपल्या ठोक्यांबरोबर उजळतं, असं फलक सांगत होता. मी हात ठेवला. माझं हृदय इतकं शिस्तीचं असेल, याची मला कल्पना नव्हती.

"रेकॉर्ड केलेले ठोके आहेत," ते घडवणारी मुलगी हळूच म्हणाली. "आधी खरे ठोकेच दाखवत होतो. कंपनीचे साहेब म्हणाले, अडखळणारा दिवा बरा दिसत नाही."

अशा थाटामाटात माणसाला सहभागी करून घेतात ते असंच. हात तेवढा त्याचा, बाकी सगळं आधीच ठरलेलं.

माझ्यामागून आलेल्या काकांनी हात ठेवला आणि बायकोला म्हणाले, "बघ, एक ठोका चुकत नाही! डॉक्टरने उगाच घाबरवलं. उद्याची तपासणी रद्द."

मुलीने दालनाच्या दाराशी उभ्या साहेबांकडे एकदा पाहिलं आणि धीर करून म्हणाली, "काका, हे ठोके तुमचे नाहीत. तपासणी कराच."

"मग काय शेजाऱ्याचे?" काका हसले.

काकूंनी तोवर मुलाला फोन लावला होता. "अरे, बाबा ठणठणीत आहेत. तू येऊ नकोस."