पांढऱ्या फडक्याचा उजेड

आधी ताईंचं सांगते, मग माझं. ताई गडबच्या. घरची भातशेती, आणि रोह्याच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत बऱ्याच वर्षांची नोकरी. त्या नसत्या तर मी केव्हाच गावाकडे परत, यवतमाळच्या गाडीत बसले असते.

मी आठवीतून शाळा सोडलेली. पेणला खोली घेऊन राहते. दोन्ही अंगांना गणपतीचे कारखाने, दोरीवरच्या कपड्यांवर दिवसभर धूळ बसते. म्हणून प्रयोगशाळेत काचा पुसायचं काम मिळालं तेव्हा धास्ती एकच, आपण मळकट दिसायला नको. ॲप्रन आणि पुसायची फडकी मी घरी नेऊन धुवायची. वर सफेदीची पूड, तीही हात सैल सोडून. बगळ्यासारखी निघायची.

काचा बोटभर लांबीच्या. एका काचेत केसाएवढ्या वाटा कोरलेल्या, वरून दुसरी काच झाकणासारखी बसायची. त्या बसायच्या आधी मी पुसायची. मग सर आत रंगाचं पाणी सोडायचे. साध्या उजेडात ते नुसतं पाणीच, पण जांभळा दिवा लावला की निळं चमकायचं. कॅमेरा फोटो काढत राहायचा. दोन फोटोंमध्ये चमक किती पुढे सरकली, त्यावरून पाण्याचा वेग काढायचा.

त्या दिवशी बाहेरची माणसं ते बघायला आलेली. सरांनी दिवा लावला आणि पडद्यावर चमकणारे धागेच धागे. पाणी पुढे चाललेलं, धागे जागच्या जागी. कशाचा वेग काढणार?

“रंग सांडला का कुणी?” सर ओरडले. मी बघायला पुढे झाले, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. माझा ॲप्रन पेटला होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मी निळी.

“आता ह्यांचाच वेग मोजा!” पाहुण्यांतला एकजण म्हणाला. केवढा हशा. मला जमिनीत जावंसं वाटलं.

“फडकी कशात धुतेस?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं.

“ती पूडसुद्धा ह्या दिव्यात चमकते. धागे सोडलेस तू आत. एवढंही कळत नाही? उद्यापासून झाडू घे हातात.”

ताईंनी स्वतःचा रुमाल दिव्याखाली धरला. तोही पेटला. “सर, जरा तुमची कॉलर बघा,” त्या म्हणाल्या. कॉलरही निळी. “हिला सांगायचं काम माझं. मी नाय सांगितलं. मंडळींचा चहा होईस्तोवर काचा धुवून देतो आम्ही.”

बेसिनपाशी मी बाहीने डोळे पुसत काचा धुवायला घेतल्या. “रडतेस कशाला गो? मळकी नाय म्हणलं कुणी तुला, लय पांढरी म्हणले!” आणि पुसायला धागा न सुटणारा कागद ताईंनी माझ्या हातात दिला.

चहानंतर पडद्यावर एकच निळी रेघ, स्वच्छ, पुढे सरकणारी. झाडूचा विषय सरांनी परत काढला नाही. ताईंना मात्र संध्याकाळी आत बोलावलं. कॉलर पाहुण्यांसमोर दाखवली ना. आत काय झालं ते त्या अजून सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, “काय नाय गो, चल, गाडी चुकंल.” लोक हसले त्याची लाज गेली कधीच. माझ्यापायी ताईंना आत जावं लागलं, ही जात नाही.

माझ्या हातांना कापूस वेचायची सवय, विळ्याची नाही. पण शिकेन. ताई, एका कापणीला तुमच्या शेतात येईन मी, तुमच्या वाट्याची भाताची अख्खी पात कापून देईन. आणि त्या दिवशी मळायला लाजणार नाही.