पाकिटावरचा चेहरा

माझ्या मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र काढणाऱ्या मुलीने तिसऱ्यांदा बदल करून मोबाइल पुढे धरला. माझा हसरा चेहरा आणि भोवती लाल मिरच्यांची माळ.

“माळ काढ. फोटोला हार कधी घालतात, ठाऊक आहे ना?”

“अहो आजी, शोभेची आहे ती.” तरी तिने माळ पुसली.

सून म्हणाली, “आई, आता हा चेहरा पन्नास वर्षं चालेल.”

ती सहज बोलली, पण माझी भीती वाढली. तेवढी वर्षं मी नसणार. मसाल्यात कोण काय मिसळेल, मला कळणार नाही. बायका मात्र माझं तोंड बघूनच पाकीट उचलतील.

“हसू पण काढ,” मी म्हणाले. “उद्या कोणी भुसा घातला, तर मी हसताना दिसायला नको.”