डाव्या बाजूची पंगत

वसंताच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी नेमका पोह्यांवर लिंबू पिळत होतो. "भावजी, हे गेले... झोपेतच," त्या म्हणाल्या. महिना होत आला, पण अजून लिंबाची फोड हातात आली की आधी हसू येतं आणि मग ती पिळायचीच राहून जाते. माझा मित्र वसंता लिंबासाठी जेवढा भांडला, तेवढा कुणी वाटणीसाठीही भांडलं नसेल.

इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या पंगतीला चाळीस वर्षं वाढप्यांचा म्होरक्या तोच. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे भाजी. फोड इंचभर सरकली तरी वाढणाऱ्याचं खानदान काढायचा. आणि नेमका त्यालाच अर्धांगाचा झटका आला तो असा, की डावा हात ढिला पडला आणि डोळे शाबूत असून डावीकडचं काही मेंदूला कळेना. दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी मी तिथेच होतो. जेवायला बसताच ओरडला, "अरे भिया, चटणी नाही, लिंबू नाही... बीमार माणसाला आधंच ताट वाढता काय?" सगळं डावीकडे जागच्या जागी होतं! वहिनींनी गुपचूप ताट फिरवलं. मग चटणी सापडली आणि भाजी हरवली.

व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी रोज घरी यायची. ताटाच्या डाव्या काठाला तिने लाल पट्टी चिकटवली. "दादाजी, पट्टी दिखने तक गर्दन घुमाइए." मग डाव्या हातात वाटी धरून उजव्या हाताने त्यातले चणे एकेक करून थाळीत ठेवायचे. पहिला आठवडा वहिनी घरभर चणे वेचत होत्या. एकदा तिने लालूच म्हणून जिलबी डावीकडे ठेवली. वसंता भडकला, "बेटा, वहाँ हमारी चटनी बैठती है!" "तो आज चटनी को खड़ा रहने दीजिए," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा त्याने कुणाचं ऐकलं. मान वळवली आणि जिलबी खाल्ली.

त्याचं एकच टुमणं होतं, "या गणपतीत लिंबू मीच वाढणार. नाही जमलं तर माझं तेरावं समजून जेवा." आणि खरंच उभा राहिला. डाव्या हातात वाटी, दोन रांगांच्या मधून एकेक पाऊल. प्रत्येक फोड जागेवर. फक्त उजव्या रांगेत! डावीकडची वीस माणसं लिंबावाचून बसलेली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी हाक मारणार, तोच वहिनींनी माझं मनगट दाबलं. रांगेच्या टोकाला तो थांबला. मान हळूहळू वळली... "अरे! तुम लोग कब बैठे?" अख्खी पंगत हसली. मला मात्र रडू आवरेना.

भेटायला येणाऱ्याने त्याच्या डावीकडेच बसायचं आणि तो आपणहून वळेपर्यंत बोलायचं नाही, असाही त्या मुलीचा हुकूम होता. मी बसून राहायचो. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मग मान वळायची, "केव्हा आलास रे?" परवा वहिनींकडे गेलो आणि सवयीने त्याच्या खुर्चीच्या डावीकडे गप्प बसलो. चहा निवून गेला. "भावजी," वहिनी म्हणाल्या, "आता इकडे बसलात तरी चालेल."

मी उठलो नाही.