लॉक लावलं होतं का

कापसाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं त्या वर्षांत बाभुळगावच्या वाचनालयात कुठल्याशा योजनेतून तीन संगणक आले. लोकांनी कापसाचे भाव पाहावेत, हवामान पाहावं, म्हणून. ते बसवून सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी काळजीखोर माणूस. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो तरी परत येऊन ओढून पाहणारा. संगणकही तसेच बांधून टाकले. कोणाला नवं काही टाकता येत नसे, आणि बंद करून चालू केला की आधीच्या माणसाने केलेलं सगळं पुसलं जाई. मलाच काही टाकायचं तर हे लॉक काढायचं आणि काम झालं की आठवणीने परत लावायचं; लॉक उघडं असताना केलेलं काही पुसलं जात नसे.

रोज सकाळी एक तरुण बाई यायची. शेतकरी घरातली सून. घरातला फोन बैठकीत, सासऱ्याच्या खुर्चीशेजारी. म्हणून नागपूरच्या बहिणीला ती इथून मेल करायची. मेलचं खातं मीच उघडून दिलं होतं. बहिणीने तिचं नर्सिंगला नाव घातलं होतं आणि सोमवारी तिला गुपचूप निघायचं होतं. नवऱ्याला कळलं असतं तर निघणं बंद. वेचणी कोण करीन, एवढंच त्याचं म्हणणं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं मला रोज वाटायचं.

शुक्रवारी सकाळी मराठी फॉन्ट टाकायला मी तिच्या नेहमीच्या संगणकाचं लॉक काढलं. मग ती आली, मेल करून गेली, आणि नियमाप्रमाणे मी तो बंद करून चालू केला. दुपारी तिचा दीर आला. यवतमाळच्या कॉलेजात शिकलेला, संगणकातलं माझ्याइतकंच कळणारा.

"सर, आमची वहिनी कोन्त्या मशीनवर बसते?"

खोटं सुचायच्या आधी माझं बोट त्या संगणकाकडे गेलं. तो बसला आणि मला धडकी भरली. फॉन्ट टाकल्यावर लॉक परत लावलं होतं का? काही केल्या आठवेना. लॉक उघडं असलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक लाल फुली दिसते, पण तो कोपरा त्याच्या खांद्याआड गेलेला. पुस्तकं लावायच्या निमित्ताने मी दोनदा मागून गेलो. खांदा हलेना. वाटलं, मेन स्विचच पाडावा. लोडशेडिंग म्हटलं की आमच्याकडे कोणी पुढे विचारत नाही. पण लॉक उघडं असेल तर लाइट घालवूनही काही पुसलं जाणार नव्हतं.

तो शांतपणे एकेक उघडत होता. कुठल्या साइट पाहिल्या, कुठला पासवर्ड राहिला, काय काय काढून टाकलं. शेवटी मागे रेलला, तेव्हा मला कोपरा दिसला. फुली नव्हती.

"काहीच नाही," तो म्हणाला.

"टायपिंग शिकून राह्यल्या त्या," मी म्हणालो. त्याने विचारलंही नव्हतं.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सर, उद्या माहा मोठा भाऊ येते इथं. त्याले शंका आली हाय. त्याच्या आधी मीच पाहून घेतलं. वहिनीनं मले सारं सांगतलं. सोमवारी मीच तिले एसटीत बसवून देतो."

मी मिळेल त्या खुर्चीवर टेकलो.

"मशीनवर काही नाही, ते बरं हाय," तो उठत म्हणाला. "पण तुमच्या तोंडावर सारं दिसून राह्यलं. मी आलो तवापासून. उद्या तुम्ही इथं राहू नका."

मला रागच आला. तरी शनिवारी शिपायाकडे किल्ल्या देऊन मी यवतमाळला माउस आणायला गेलो. वाचनालयातले तिन्ही माउस धडधाकट चालत होते.

सोमवारी ती आली नाही. गेली, की घरात कोंडून ठेवली, कळायला मार्ग नव्हता. माझं जेवणावरून मन उडालं. मंगळवारी दीर आला, बराच वेळ कापसाचे भाव पाहत बसला. जाताना माझ्या टेबलाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "पोचली."