शेवटच्या पानावरचे अभिप्राय

आमच्या वाचनालयात पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अभिप्राय लिहितात. काल मी एक रहस्यकथा पुन्हा हातात घेतली. गुन्हेगाराचा स्वभाव बारीकसारीक खुणांवरून ओळखणारी नायिका आणि तिच्यावर जीव टाकणारा इन्स्पेक्टर. गेल्या महिन्यात वाचताना मी चाळिसाव्या पानावर एका नावाखाली रेघ मारून ‘खुनी हाच!’ असं लिहिलं होतं. दुर्दैवाने ते बरोबर निघालं. तेव्हापासून मनाला टोचणी होती.

शेवटचं पान उघडलं. ‘प्रेम छान, खून जरा जास्त.’ ‘हिला सगळी माणसं कळतात, मग हा इन्स्पेक्टर कसा आवडला?’ त्याखाली मात्र माझाच तपास लागला होता. ‘पान चाळीसवर लिहिणारा पुरुष आहे. पन्नाशीचा. घरात कोणी ऐकत नसावं.’ ‘सहमत. किती दाबून लिहिलंय बघा. ऑफिसातही ऐकत नसतील.’

आपण कुणाला कळत नाही, असं वाटण्यात माझी निम्मी हयात गेली. इथे अनोळखी माणसांना मी एका रेघेत कळलो होतो.

न राहवून मी ग्रंथपाल सुमनताईंना म्हणालो, “ताई, ते लिहिणारा मीच.”

“ते माहीत आहे हो. पण पान उलटून मागचं वाचलंत का?”

मी पान उलटलं. मागे बायकोचं अक्षर होतं.

‘घरात ऐकतात. महिनाभर हेच ऐकतेय. कृपया यांना कुणीतरी माफ करा.’